हलकं काम

"ऊठ," मोठी जाऊ म्हणाली.

धाकटी उठली नाही. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात बुटाचा तळ, पुढ्यात तळ चिकटवायच्या सोल्युशनचा उघडा डबा आणि डब्याला लागून दुधाचा पेला. चौथा महिना लागला म्हणून सासूबाईंनी आज सकाळीच तिला शिलाई मशीनवरून उठवून या खुर्चीवर बसवलं होतं. खाली उशी, पाठीला उशी. या घरात पोटुशीला हा मान असायचा. बसल्या जागी तळाला सोल्युशन फासायचं, बास.

"ताई, आईंनी बसवलंय मला."

"आईंशी मी बोलते. तू ऊठ आधी."

सासूबाई पलीकडे वाळलेले तळ ठोकत होत्या. हातोडी तशीच धरून त्या म्हणाल्या, "सोन्यासारखं बसून काम दिलंय तिला. वर दूध देतेय, अंडी देतेय. तुला का झोंबतंय?"

"दूध पोटात जातं, आई. मग हा वास कुठे जातो?"

घरामागची ही खोली म्हणजेच कारखाना. एकच खिडकी, तिलाही फळ्या ठोकलेल्या. खिडकी उघडली की धूळ येते, ओल्या सोल्युशनवर बसते आणि तळ धरत नाही. बूट टिकला पाहिजे. आत बसणारीनं आपलं आपण बघून घ्यावं.

मोठीनंही याच खुर्चीवर दिवस काढले होते. रोज ओकायची. 'दिवसांत सगळ्याच ओकतात,' सासूबाई म्हणायच्या. तिची मुलगी आता सहा वर्षांची झाली. बोलत नाही. मशीन सुरू झालं की कान झाकते, बंद झालं की त्याचाच ठेका तोंडानं हुबेहूब धरते. डॉक्टरीणबाई स्वमग्नता म्हणाल्या. सासूबाई आल्यागेल्याला सांगत सुटल्या, 'हिनं तेव्हा धड खाल्लं नाही ना.' खरंच नव्हतं खाल्लं. घास तोंडाशी नेला की सोल्युशनचा वास यायचा. पण का खाल्लं नाहीस, असं कोणी विचारलं नाही.

"त्या डॉक्टरीणबाई छातीठोक म्हणाल्या का, या वासानंच झालं म्हणून?" सासूबाईंनी विचारलं.

"तसं नाही म्हणाल्या. एका पोराचं बघून नक्की कशानं ते कोणालाच सांगता येत नाही. पोटुशी बाई असल्या वासात, धुरात राहिली, त्यात अर्धपोटी राहिली, तर धोका वाढतो. एवढंच."

"म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही म्हणूनच तर उठवतेय. नक्की झाल्यावर उठवून काय लोणचं घालू? आणि ऐका, माझी पोर आहे तशी मला हवीय. तिला कोणी उणं म्हटलं तर त्याची जीभ जागेवर ठेवणार नाही. पण या खुर्चीवर मी हिला बसू देणार नाही."

धाकटी उठली. मोठीनं पेला तिच्या हातात कोंबला. "पुढच्या दारात बसून पी. पोटालाही लागतंच."

धाकटीनं पेला नाकाशी नेला. "ताई, दुधालाही तोच वास येतोय."

"मग ओतून टाक आणि दुसरं घे."

"आणि माल?" सासूबाईंचा आवाज चढला. "उद्या व्यापारी दारात उभा राहील. सोल्युशन कोण लावणार, तुझा बाप?"

"भाऊजी लावतील."

धाकटीचा नवरा कोपऱ्यात चामडं कापत होता. इतका वेळ आपण त्या गावचेच नाही अशा थाटात बसला होता. त्यानं मान वर केली.

"मी? वहिनी, ते बायकांचं काम."

"हलकं आहे. बसून करायचं. उशापण आहेत."

"अहो, पण मला कुठे दिवस गेलेत?"

"नाही ना गेले? मग बसा. कापायला मी बसते."

तो हसत उठला आणि आईकडे बघून डोळा मारत खुर्चीत बसला. सासूबाईंनी नाक मुरडलं. मोठीनं त्याची रापी उचलली आणि चामडं पुढ्यात ओढलं. पातं रेषेवरून जराही हललं नाही.

दीर आधी शीळ घालत होता. मग शीळ थांबली. मग तो डोळे चोळायला लागला. एकदा उठून दारापर्यंत जाऊन आला, पुन्हा बसला. डबा अर्धाही झाला नव्हता तेव्हा त्यानं ब्रश टाकला, भिंत धरून बाहेर गेला आणि भडाभडा ओकला.

सासूबाई हातोडी टाकून धावल्या. त्याची पाठ चोळली, पाणी पाजलं, कपाळ दाबून धरलं. मग तरातरा आत आल्या, डब्यावर झाकण दाबून बसवलं आणि खिडकीच्या फळीत बोटं घालून ती ओढायला लागल्या. फळी हलेना.

"एवढ्या वासात माणूस बसेल तरी कसा?" त्या म्हणाल्या.

मोठी पक्कड घेऊन आली. 

"सरका," ती म्हणाली, आणि पहिला खिळा पकडीत धरला.