ठकीचं स्टूल

"मांजर टेबलावर चढलेलं मला चालणार नाही," सासूबाईंनी बजावलं. "तू आणलंस, तूच वळण लाव."

ठकी जेमतेम सहा महिन्यांची, पण तोरा पाटलिणीचा. तळलेल्या माशाचा वास आला की हिची उडी थेट सासऱ्यांच्या ताटाशी. सासूबाई ओरडल्या, पाणी शिंपडलं, तरी ही पंजा चाटत तिथेच.

शेवटी मी दाराजवळचं स्टूल कामाला लावलं. पाळी आली की मी त्यावर बसून जेवते, कारण त्या दिवसांत टेबलाला मी चालत नाही. एरवी ते रिकामंच. ठकी टेबलावर चढली की मी तिला उचलून स्टुलावर ठेवायची आणि तिथे टिकली तरच माशाची तुकडी द्यायची. हळूहळू जमलं.

काल सासूबाईंनी ताटं मांडली, तशा बाईसाहेब आपणहून स्टुलावर जाऊन बसल्या.

"बघ, शिकवलं की मांजरही शिकतं!" सासूबाई खूश झाल्या. मग माझं ताट घेऊन दाराकडे निघाल्या. "उठव आता तिला. तुला बाजूला बसायचंय ना?"

"नको. उठवलं तर पुन्हा टेबलावर चढेल."

"मग तू कुठे बसणार?"

मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं, टेबलाची खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यात मोठी तुकडी वाढून घेतली.

"अगं, विटाळ! ऊठ, ऊठ आधी!" सासूबाई ओरडत राहिल्या.

मी बोटं चाटत तिथेच.