लोखंडाचं पाणी

कॉलेजच्या मागच्या अंगणात दोरीवर आरोहीचं कापड वाळत होतं. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं, फिकट पिवळं, कुठे एक डाग नाही. मुली चहाला गेल्या होत्या. उज्वला मॅडम एकट्याच लोखंडाच्या पाण्याची बादली ढवळत होत्या. गंजके खिळे आणि गूळ मुरवून केलेलं हे पाणी हिरड्याच्या कापडाला लागलं, की तिथे काळं पडतं आणि जन्मात निघत नाही. प्रत्येक वर्गाला त्या हे पहिल्याच दिवशी बजावत.

सकाळी विभागप्रमुख शेखर सर सहज म्हणाले होते, "वर्गाच्या भिंतीवर यंदा आरोहीचं कापड लावू. तुमचं आता जुनं झालं."

नैसर्गिक रंगांचा विषय कॉलेजात मॅडमनीच सुरू केला. तेव्हापासून भिंतीवर त्यांचंच कापड होतं. आणि ही लासलगावची पोरगी, कालपरवापर्यंत कांद्याची सालं कुठल्या भांड्यात उकळायची तेसुद्धा त्यांना विचारत होती. विद्यार्थी पुढे जाण्यातच गुरूचं समाधान, असं मॅडम दर शिक्षकदिनाला सांगत. पण भाषण वेगळं. आज त्यांच्या पोटात दुखत होतं, आणि चांगलंच दुखत होतं.

"वाळलं का बघू," त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या आणि बादलीतला ओला हात तसाच कापडावर ठेवला. दाबून ठेवला.

बघता बघता तळवा आणि पाच बोटं काळी उमटली.

मुली परतल्या. आरोही दोरीपाशी थबकली. तिने कापडाकडे पाहिलं, मग मॅडमच्या हाताकडे. 'चुकून लागला' हे वाक्य मॅडमच्या ओठांवर तयार होतं.

"मॅडम, हा तुमचा हात हाय?" आरोहीचा चेहरा उजळला. "ए, इकडं या गं. मॅडमनी ठसा दिला माझ्या कापडाला. आमच्याकडं लग्नघरात भिंतीला हळदीचा देतात ना, तसा."

मुली भोवती जमल्या. तेजस्विनीने व्हिडिओ काढायला मोबाइल धरला. आरोहीने बादली उचलून मॅडमच्या पुढ्यात ठेवली आणि कापडाचं दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"इकडं पण द्या ना, मॅडम. एकटाच बरा नाय दिसत."

मॅडमनी हात बुडवला. मग कापडावर नुसता टेकवला. मघासारखा दाबला नाही.