ओळंबा

बाबांचं जुनं पिनबॉल मशीन दुरुस्तीला उघडलं, तर आतला पितळी ओळंबा गायब! मशीनला धक्का बसला की तो झुलतो आणि खेळ बंद पाडतो. "नवा बसव," बाबा म्हणाले, "लबाडी चालायची नाही." महिनाभर तारा जोडल्या, रबरं बदलली. आज बाबांनी आजारपणापासून थरथरणारे हात बटणांवर ठेवले आणि मशीनवरची काच खडखडू लागली. चेंडू सुटला, आपटला, खाली घरंगळला. बाबांनी तो फटकन वर उडवला. मशीन गदागदा हलत होतं, पण एकही दिवा विझला नाही. "ओळंबा बसवलास ना?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "बसवला की," मी खिशातली मूठ आवळली. "लहानपणी तू मशीनला लोंबकळून खेळायचीस. एकदा तरी बंद पडलं?" त्यांनी चेंडू पुन्हा वर उडवला. "हत्यारपेटीच्या तळाशी जुना ओळंबा आहे. तुझाही तिथेच ठेव."