धाकट्याचं रक्त

वीस वर्षं कारखान्याची क्रेन चालवणाऱ्या थोरल्याला एकच धास्ती होती. वार्षिक तपासणीत रक्तात साखर निघाली, तर क्रेन हातची जाणार. म्हणून यंदा त्याने धाकट्या भावालाच आपल्या नावाने रक्त द्यायला पाठवलं. आज डॉक्टरांनी थोरल्याला समोर बसवलं. “साखर ठीक आहे. पण हा रक्ताचा कर्करोग दिसतोय. आजच दाखल व्हा.” थोरल्याचा जीव आधी भांड्यात पडला. आपल्याला नाही! मग त्याला स्वतःचीच किळस आली. “साहेब, ते रक्त माझं नाही,” तो कसाबसा म्हणाला, “भावाचं आहे.” थोरल्याने तिथूनच भावाला फोन केला. धाकट्याने तो पहिल्याच रिंगला उचलला. “काय दादा, झालास ना पास?” तो हसत म्हणाला. “उगाच घाबरत जाऊ नकोस रे. मी आहे ना! पुढच्या वर्षीही मीच जाईन.”