हिसका

लकवा मारलेल्या उजव्या हातावर यांत्रिक हातमोजा चढवून शेवंता लेकीची, कार्तिकीची, वेणी घालत होती. मेंदूकडून येणारा क्षीण संदेश मोजा ओळखायचा आणि त्यातले झटके गाळून बोटं अलगद हलवायचा. ऑक्युपेशनल थेरपीची विद्यार्थिनी ऋजुता आणि तिच्या प्राध्यापक सप्रेबाई यांचं हे संशोधन होतं. वेणी सुरेख आली. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"आवडली?" ऋजुताने विचारलं.

"हो," कार्तिकी म्हणाली, "पण दुखलंच नाही. आई तर ओढते."

शेवंता खाली बघत म्हणाली, "मी वढायला जाते, ताई. ह्यो वढूच देत न्हाई."

ऋजुता चपापली. गाळलेल्या झटक्यांत आजाराचे कुठले आणि आईचे कुठले, हे तिने आणि बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "गाळणं बंद कर."

शेवंताने वेणी सोडून पुन्हा घातली. ती वाकडी झाली, बटा निसटल्या आणि मध्येच एक सणसणीत हिसका बसला.

"आई गं!"

"मग हलतीस कशाला, भवाने?" शेवंता खेकसली.

कार्तिकी खुदकन हसली आणि मागे न बघताच म्हणाली, "आता आली आई."