रंग निघंना

बीडमध्ये गाड्यांच्या चाकांना पावडर कोटिंग करणाऱ्या, म्हणजे पावडरचा रंग भट्टीत भाजून पक्का बसवणाऱ्या परमेश्वरला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारायचं, "रंग टिकंल ना?" आज मात्र स्कूटी घेऊन आलेला माणूस भलत्याच कारणानं वैतागला होता.

"कसला रंग हाय हा! दोन दिस झाले, पॉलिश पेपरनं घासलं, थिनर ओतलं, तरी निघंना. चाकं काळी करून द्या, आन् लवकर."

परमेश्वरची छाती फुगली. झेंडूसारखी ती केशरी पावडर त्यानं वर्षभरापूर्वी एकाच गिऱ्हाइकासाठी खास मागवली होती, आणि अजून कुठं टवकासुद्धा उडाला नव्हता.

त्यानं सहज विचारलं, "गाडी तुमचीच का?"

"मग काय तुमची हाय?" माणूस खेकसला.

"तसं न्हाई, रागावू नका. बसा, चहा सांगतो."

चहा येईपर्यंत परमेश्वरनं स्कूटी ठोकळ्यांवर चढवली, पान्यानं दोन्ही चाकं खोलली आणि उचलून आत भट्टीपाशी नेली. दार लोटलं आणि उमापूरच्या नर्सबाईंना फोन लावला. महिनाभर त्या वाड्यावस्त्यांवर पायीच फिरत होत्या.

 

"मंगलताई, तुमची चोरीला गेलेली स्कूटी माझ्या दुकानात हाय. पोलिसांना घेऊन सावकाश या, चाकं मी काढून ठेवलीत."