स्पीकरमधल्या बाई

“कळलं ना?” स्पीकरमधल्या बाईंनी विचारलं. आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं, “कळलं! चला, पुढे.”

खऱ्या बाई टेबलामागे खुर्चीत होत्या, गळ्याला मफलर गुंडाळून, तोंड मिटून. घशाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन महिने तोंडातून ब्र काढायचा नाही. बावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला ही शिक्षाच की! पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. ऑपरेशनच्या आधी महिनाभर त्यांनी पंखा बंद करून, नवऱ्याला मिक्सर लावायची बंदी घालून घामाघूम होत चोवीस धडे मोबाइलवर बोलून ठेवले. पॉडकास्ट म्हणतात म्हणे त्याला. वर्गात ऐकायचं, हवं तर घरी पुन्हा ऐकायचं.

हेडसरांना हे थेर पटलेले नव्हते. “आवाज स्पीकरचा आणि बाई मुक्या, हे कसं चालायचं? आज मी मागे बसतो. धडा वेळेत, नीट पार पडला तर वर्ग तुमचा. नाहीतर दोन महिने लायब्ररी सांभाळा, वर्ग दुसऱ्या कुणाला देतो. आणि एकदा दिलेला वर्ग परत मागायचा नाही हं, बाई.” ते आता मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसले होते. एक डोळा वहीवर, एक घड्याळावर.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. वर्ग त्यांच्या हाताखालचा, गेल्या वर्षीपासूनचा. शिस्तीत बसणारा. स्टाफरूममध्ये बाईंना सगळे ‘एक्सप्रेस’ म्हणत, कारण शाळेत सगळ्यात आधी पोर्शन संपायचा तो त्यांचा. त्यांना त्या नावाचं कौतुकच होतं.

“कळलं ना? कळलं! चला, पुढे.” धड्यातला विद्युतप्रवाह वेगात चालला होता.

एरवी हे वाक्य म्हणताना बाईंची पाठ वर्गाकडे असायची आणि खडू फळ्यावर. आज हाताला काम नाही, तोंडाला काम नाही. म्हणून त्या नुसत्या पोरांकडे बघत बसल्या. तिसऱ्या बाकावरच्या उंच मुलीचा हात ‘कळलं ना’ला खांद्यापर्यंत वर आला. ‘कळलं’ला थबकला. ‘चला, पुढे’ला केसांत शिरून डोकं खाजवायला लागला.

उवा झाल्या असतील, बाईंना वाटलं.

पुढच्या ‘कळलं ना’ला तोच हात वर आला, तसाच केसांत गेला. खिडकीजवळच्या एकीचं तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली, कळल्याची नव्हे, जाऊ दे म्हणायची. आणि कुणालाच त्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. सगळं कसं सवयीचं, तालात. किती वेळात हात खाली घ्यायचा हे त्या मुलीला बरोब्बर ठाऊक होतं.

ही सवय चार दिवसांच्या पॉडकास्टने लागणारी नव्हती. अगं बाई, त्यांच्या मनात आलं, मग मी इतकी वर्षं आपलंच घोडं दामटत होते की काय?

“कळलं ना?” स्पीकर म्हणाला.

बाईंनी बटण दाबून तो तिथेच थांबवला.

हेडसरांनी मान वर केली. “काय हो, बंद पडलं का?” बाईंनी मान हलवली, नाही. धड्याची अकरा मिनिटं उरली होती आणि तासाची बारा. बोट पुन्हा बटणाकडे गेलं. लायब्ररीतली ती कुबट कपाटं डोळ्यांपुढे आली. बाईंनी हात मागे घेतला, उठून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं : ‘काय कळलं नाही ते विचारा. मी थांबले आहे.’

पोरं फळ्याकडे बघत राहिली, पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखी. कुणी हलेना. एक मिनिट गेलं. दोन गेली. आता धडा काही वेळेत संपत नव्हता, हे बाईंना कळत होतं.

हेडसर वही मिटून उठले. “राहू द्या, बाई. तुम्ही आपलं उद्यापासून लायब्ररी—”

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. तिसऱ्या बाकावरचा हात वर गेला होता आणि या वेळी वरच होता. बाईंनी मानेने खुणावलं, विचार. मुलगी उभी राहिली. तिने आधी हेडसरांकडे बघितलं, मग बंद स्पीकरकडे, मग बाईंकडे.

“बाई,” तिने हळूच विचारलं, “गेल्या वर्षीचं विचारलं तर चालेल?”